माळ्यावर गेलेल्या खुर्च्या

पत्र

ताई, नमस्कार.

मी आयटीआय झालेला वेल्डर. अंबडच्या एका कारखान्यात बारा-तेरा वर्षं नोकरी केली. माझ्या बहिणीच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे अंगाच्या हालचालींवर ताबा राहत नाही. त्याची मान ठरत नव्हती, बसवलं की एका अंगाला कलंडायचा. बहीण त्याला मांडीवर आडवा घेऊनच भरवायची. तसल्या मुलांची खुर्ची दुकानात बघितली, किंमत ऐकून परत आलो आणि स्क्वेअर पाइप न् प्लायवूडची घरीच बनवली. भाचा तिच्यात बसला आणि ताटाकडे बघत जेवला. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

नोकरी सोडली. मित्राबरोबर भागीदारीत छोटा गाळा भाड्यानं घेतला. फॅब्रिकेशनची कामं करायची आणि त्यातून उरेल त्यात या खुर्च्या, असं ठरलं होतं. त्र्यंबक, हरसूल, पेठ भागात ओळखीच्या शिक्षकांमार्फत वीसेक खुर्च्या फुकट दिल्या. मुलं वाढत्या अंगाची, म्हणून बैठक मुद्दाम जरा मोठीच ठेवत होतो. एका कंपनीनं पन्नास खुर्च्यांचे पैसे देतो म्हणून सांगितलं, फोटो काढून नेले, सहा महिने फिरवलं आणि बजेट नाही म्हणाले. त्या भरवशावर माल भरला होता. मित्र भागीदारीतून बाहेर पडला. बायकोच्या पाटल्या गहाण आहेत.

हे सगळं सोसलं असतं. पण दिवाळीनंतर दिलेल्या खुर्च्या बघायला म्हणून गेलो, तर निम्म्याहून जास्त वापरातच नाहीत. एक माळ्यावर. एकीवर कपड्यांचा ढीग. एका घरी तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसवलेली. आणि एका मुलीच्या माकडहाडावर जखम झालेली. तिची आई काही बोलली नाही, पण मला तिथून हलवेना.

वडील म्हणतात, झालं तेवढं पुण्य पुष्कळ झालं, नोकरी बघ. मला कळत नाही की मी चिकाटीनं टिकून आहे की हट्टानं. थांबू का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

प्रिय भाऊ,

तुमचा शेवटचा प्रश्न मी शेवटीच घेते. आधी ती मुलगी.

या रविवारीच तिच्या घरी जा. खुर्ची तूर्त बंद करायला सांगा आणि जखम डॉक्टरांना दाखवायला तिच्या आईबरोबर स्वतः जा. खर्च तुम्ही करा. आईला स्पष्ट सांगा की जखम खुर्चीमुळे झाली आहे, तिच्या हयगयीमुळे नाही. ती काही बोलली नाही असं तुम्ही लिहिलंय. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार कशी करायची, या भिडेनं बायका गप्प बसतात. मी नाशकात विशेष मुलांच्या शाळेत बरीच वर्षं शिकवलं, तिथे हे पुन्हा पुन्हा पाहिलं. शिवाय या बायकांना दोष स्वतःकडे घ्यायची सवय लागलेली असते. मूल असं जन्मलं तोही तिचा दोष, जखम झाली तोही तिचाच. हे एवढं ओझं तरी तिच्या डोक्यावरून तुम्ही उतरवू शकता.

आता ती जखम का झाली ते बघू. त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. बैठक तुम्ही वाढत्या अंगाची केलीत. शाळेचा गणवेश आपण तसा शिवतो, पण सीपीच्या मुलाची खुर्ची तशी करून चालत नाही. बैठक मांडीपेक्षा लांब झाली की पाठ मागे टेकत नाही. टेकवायला गेलं की गुडघे अडतात, म्हणून कंबर पुढे घसरते. मूल अर्धवट आडवं होतं आणि सगळा भार जो ढुंगणावर आणि मांड्यांवर पसरून पडायला हवा, तो माकडहाडावर येतो. तुम्ही-आम्ही बसल्या जागी नकळत कितीदा तरी अंग हलवतो. या मुलांतल्या पुष्कळांना ते जमत नाही, आणि दुखतंय हे सांगताही येत नाही. हाड आणि फळी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथलं रक्त अडतं, आधी लाल होतं आणि मग फुटतं. खुर्चीतून उचलल्यावर लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ती बैठक त्या मुलाची नव्हे, एवढं प्रत्येक घरी शिकवून या. नुसता जाड फोम घालून हे सुटणार नाही.

सुटेल ते मापानं. पाठ पूर्ण टेकलेली असताना बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन बोटं मावतील इतकीच खोली. पट्टा पोटावर नको, कंबरेच्या खाली, मांडी जिथे वळते तिथे तिरका. कंबर, गुडघा, घोटा साधारण काटकोनात आणि पाऊल टेकलेलं. लोंबकळणारे पाय ताठरतात आणि ताठरलेले पाय कंबरेला पुढे ढकलतात. मूल वाढेल याची सोय करायची तर पाठीची फळी मागे सरकवता येईल अशी करा. आज पाठीमागे एक जाड गादी, वर्षानं ती काढून पातळ. तुमच्यासारख्या वेल्डरला पाइपात चार जादा भोकं पाडणं म्हणजे काहीच नाही. पण माप घेताना शेजारी फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट हवाच, हे मी अगदी आग्रहानं सांगते. दोन मुलांचा आजार कागदावर एकच असतो, शरीरं मात्र अगदी वेगळी. एकाचे स्नायू दगडासारखे ताठ, दुसऱ्याचं अंग सैल, तिसऱ्याला सतत नको असलेल्या हालचाली. कुणाचा खुबा निसटू लागलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. भाच्याला बसलेली खुर्ची म्हणून दुसऱ्याला बसेल असं नाही.

आता माळ्यावर गेलेल्या खुर्च्या. तुम्हाला त्या बघून सगळं संपल्यासारखं वाटलं. मला मात्र तुमच्या पत्रातला सर्वांत उपयोगी भाग तोच वाटला. कंपनीनं तुम्हाला काही शिकवलं नाही, फोटो काढणाऱ्यांनी काही शिकवलं नाही. त्या घरांनी शिकवायला सुरुवात केली आहे आणि तुम्ही दारातूनच परत आलात. पुन्हा जा. या खेपेला खुर्ची बघायला जाऊ नका, घर बघायला जा. सकाळी लवकर पोचा आणि जेवणं होईपर्यंत थांबा.

काय दिसेल याचा मला बराचसा अंदाज आहे. हरसूल-पेठकडच्या घरात जेवण जमिनीवर होतं. चूल जमिनीवर, नागलीची भाकरी थापणारी आई जमिनीवर, भावंडं जमिनीवर. तुमची खुर्ची दीड-दोन फूट उंच. त्या मुलाला तुम्ही सगळ्यांच्या वर, सगळ्यांपासून लांब नेऊन बसवलंत. भरवायचं तर आईला चुलीपुढून उठून उभं राहावं लागणार. दोन दिवस ती करते, तिसऱ्या दिवशी मूल पुन्हा मांडीवर. यात तिचा आळस कुठेच नाही. पुढे उंबरा येतो. आजीला साठाव्या वर्षी मूल उचलून एवढ्या उंचीवर चढवायचं असतं. आई-बाप तर कित्येक महिने दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला आणि थिनिंगला, म्हणजे घड विरळ करायला, गेलेले असतात, बिऱ्हाड बागेतच. त्या वेळी खुर्ची पिकअपमध्ये माणसांना जागा नाही म्हणून मागे राहते. आणि त्र्यंबक-इगतपुरीकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू. चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात, तिथे कडा न बुजवलेलं प्लायवूड फुगणारच.

म्हणजे त्या घरांना बहुधा खुर्ची नकोच आहे. त्यांना हवी आहे जमिनीवर ठेवायची, कोपऱ्यासारखी पाठ असलेली बैठक. दोन फळ्या काटकोनात, म्हणजे खांदे आपोआप पुढे येतात. मध्ये मांड्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून एक ठोकळा, पुढे लहानसं पाटासारखं टेबल. पाय पुढे लांब करून बसायची असल्यामुळे मांड्यांच्या मागच्या शिरा आखडलेल्या मुलांना ही चालत नाही, त्यांची कंबर पुन्हा मागे कलते. त्यांना बुडाखाली चार-सहा इंचांची चौकी द्यावी लागते. हे थेरपिस्ट सांगतील. पण मूल भावंडांच्या पंगतीत, त्यांच्याच उंचीवर बसेल. ज्यांच्या घरी टेबलावर जेवण होतं, जी मुलं शाळेत बाकाशी बसतात, त्यांना उंच खुर्ची द्या. सगळ्यांना एकच वस्तू द्यायची असा आग्रह कशाला?

आणि पहिल्याच दिवशी लोखंड कापू नका. झिंबाब्वेत बेव्हिल पॅकर नावाच्या शिक्षकानं रद्दी पुठ्ठे आणि पिठाची खळ यांचे थरावर थर चिकटवून मुलांसाठी बैठका करायची पद्धत बसवली. वाळल्यावर त्या लाकडासारख्या टणक होतात आणि वजनाला हलक्या. आपल्या पावसाळ्यात त्या किती टिकतील याची मला शंका आहे, पण चाचणीसाठी यापेक्षा चांगली गोष्ट नाही. पुठ्ठ्याची बैठक करून द्या, महिनाभर वापरू द्या, पुन्हा जाऊन बघा. कुठे घासतं, कुठे कलंडतं, आजीनं मध्येच कुठे गोधडीची घडी घालून ठेवलीय ते बघा. त्या घडीच्या जागीच तुमचा बदल करायचा असतो. मग पक्की करा.

आता एक गोष्ट सांगते, कारण तुम्हाला वाटतंय की तुमचं एकट्याचंच असं झालं. जयपूर फूट सगळ्यांना माहीत आहे. 1968 मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात मास्टर रामचंद्र शर्मा या कारागिरानं आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो तयार केला. तेव्हा परदेशी पद्धतीचे पाय मिळत होते, पण ते बुटात घालायचे, वळायचे नाहीत. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी चालतो, भाताच्या चिखलात उतरतो. रुग्ण ते पाय घरी नेत आणि कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या घेत. तुमच्या माळ्यावरच्या खुर्च्यांचीच ही कथा. रामचंद्रजींचं औपचारिक शिक्षण फार नव्हतं, हात मात्र कसबी. रबर, लाकूड, व्हल्कनायझिंग (रबर तापवून पक्कं करणं) यांच्याशी झटून त्यांनी घोट्यात सगळीकडे वळणारा पाय बनवला.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढचं क्वचितच कुणी सांगतं. पाय तयार झाल्यावर पहिल्या सात वर्षांत तो जेमतेम पन्नास-साठ लोकांना बसवला गेला. वस्तू उत्तम, गरजू लाखोंनी, आणि सात वर्षांत एवढेच. 1975 मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि चित्र पालटलं. पायात फार बदल झाला नव्हता, बदलली ती माणसाला दारात घ्यायची रीत. गावाकडून आलेल्याला तारीख देऊन परत पाठवायचं नाही, राहायची-जेवायची सोय करायची, माप तिथेच, पाय तिथेच, पैसे नाहीत. पुढे लाखो लोक त्या पायावर चालले. मेहता कारागीर नव्हते आणि डॉक्टरही नव्हते, सरकारी अधिकारी होते. एका अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता.

तुमच्याकडे रामचंद्रजींचे हात आहेत, भाऊ. मेहतांचं काम करणारं कुणी नाही. आजवर तुम्ही ते दोन्ही एकट्यानं ओढत होतात, आणि मित्र गेल्यावर तर हिशेबही तुमच्याच गळ्यात आला. मित्राबद्दल मनात काही ठेवू नका. तो फॅब्रिकेशनच्या धंद्यात भागीदार झाला होता, तुमच्या ध्यासात नाही.

कंपनीचंही ऐकून घ्या, म्हणजे मनातली एक सल जाईल. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठराविक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, त्यालाच सीएसआर म्हणतात. तो पैसा बाहेरच्या कुणामार्फत खर्च करायचा असेल तर ती नोंदणीकृत संस्था हवी. आयकर खात्याकडे करसवलतीची 12ए आणि 80जी ची नोंद हवी, बहुतेक बाबतीत तीन वर्षांच्या कामाचा दाखला हवा आणि 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 हा फॉर्म भरून मिळालेला नंबर हवा. तुमच्याकडे गाळा होता आणि वेल्डिंग मशीन होतं. ज्या साहेबानं हो म्हटलं त्याला एकतर हे माहीत नव्हतं, किंवा सांगायचा धीर झाला नाही. सहा महिने फिरवणं वाईटच, त्याची बाजू मी घेत नाही. पण तुमची खुर्ची कुणी तपासून नापास केलेली नाही. त्या दारातून तुम्ही आत जाऊच शकत नव्हतात.

लगेच स्वतःची संस्था काढायच्या भानगडीत मात्र पडू नका. ऑडिट, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, दरवर्षीचे अहवाल, यात तुमचे हात अडकतील. नाशिक जिल्ह्यात दिव्यांग मुलांसाठी वर्षानुवर्षं काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्था आहेत, विशेष शाळा आहेत. त्यांच्यापैकी एकीकडे जा आणि पैसे मागू नका. सांगा की मी बैठका करतो, दुरुस्त करतो, तुमच्या थेरपिस्टनं माझ्याबरोबर महिन्यातून दोन दिवस मापाला यावं. त्यांनाही असा माणूस हवाच असतो, तो त्यांना मिळत नाही.

दुरुस्तीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुमचं पुढचं काम यातूनच निघेल असं मला वाटतं. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची एडिप योजना 1981 पासून चालू आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची अट यांत बसणाऱ्यांना साधनं मिळतात, त्यात सीपी चेअरही असते. शाळेत नाव असलेल्या मुलांना समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेमधूनही साहित्य मिळतं. शिबिर होतं, खुर्च्या वाटल्या जातात. पण ती खुर्ची ठरलेल्या मापाची येते. तिच्यात हे एक मूल नीट कसं बसेल हे बघायला पुढे कुणी येत नाही. पट्टा तुटला, चाक गेलं, मूल वाढलं की ती अडगळीत जाते. तुम्ही ज्या गावांत गेलात, तिथे अशा खुर्च्या तुमच्या खुर्च्यांच्या शेजारीच पडलेल्या असतील. लोखंड सरकारनं दिलेलंच आहे. त्यावर दोन गाद्या, एक पायपाट, एक ठोकळा, योग्य जागी पट्टा, एवढं करून देणारा माणूस अख्ख्या तालुक्यात नाही. नव्या खुर्चीच्या खर्चाच्या मानानं हा खर्च फारच थोडा, आणि एका दिवसात तीन-चार मुलं मार्गी लागतात. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पेठ-सुरगाण्याच्या ग्रामपंचायतींचं उत्पन्न ते केवढं, पण दोन-चार दुरुस्त्यांचे पैसे त्यातून निघू शकतात. ग्रामसेवकाला आधी भेटा. ज्या घरी प्रमाणपत्रच नाही तिथे ते काढून द्यायला शिक्षकांची मदत घ्या, कारण त्या एका कागदाअभावी इतर सवलतीही अडून राहतात.

आता चिकाटी की हट्ट.

पंचवटीत काळाराम मंदिरापुढून तुम्ही शेकडो वेळा गेला असाल. 2 मार्च 1930 रोजी तिथे सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. आंबेडकरांचं, आणि नाशिकमध्ये त्याचा सगळा भार वाहिला तो भाऊराव गायकवाडांनी, म्हणजे आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या दादासाहेबांनी. चारही दरवाजांवर माणसं बसली. दरवाजे बंद ठेवले गेले. त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, डोकी फुटली. खेड्यांतून आलेल्या लोकांवर गावी बहिष्कार पडले. तरी मध्ये खंड पडत, पुन्हा उभा राहत हा लढा वर्षानुवर्षं चालला. मंदिर उघडलं नाही. आणि मार्च 1934 मध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहून कळवलं की आता हा सत्याग्रह पुढे चालवायची गरज नाही, आपली शक्ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवू या.

चार वर्षं ज्या माणसानं लोकांना त्या दारांपुढे बसवलं, त्याला हे वाचून काय वाटलं असेल? मी यावर पुष्कळदा विचार केला आहे. बाहेरच्यांनी हरले म्हटलंच असणार. पण भाऊराव घरी बसले नाहीत. 1937 मध्ये ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेले, आणि 1959 मध्ये भूमिहीनांच्या हक्काच्या जमिनीसाठी मोठा सत्याग्रह त्यांनी उभा केला. मंदिराच्या दारापासून जमिनीच्या तुकड्यापर्यंत ते आले, पण माणसं तीच होती, त्यांच्याच माणुसकीचा प्रश्न होता. मार्ग त्यांनी सोडला, माणसं सोडली नाहीत.

तुमच्या आणि त्यांच्या कामाची तुलना करत नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडतं. तुम्ही खुर्चीला धरून बसलात तर तो हट्ट. तुमची पन्नास खुर्च्यांची ऑर्डर, तुमचं डिझाइन, तुमचा गाळा, नोकरी सोडल्याचा तो निर्णय, हे सगळं खरं ठरवण्यासाठी पुढे रेटत राहिलात तर आणखी वीस घरांच्या माळ्यावर आणखी वीस खुर्च्या जातील. त्या मुलांना धरून राहिलात तर खुर्ची बदलेल, गाळा जाईल, कदाचित तुम्ही वर्षभर एकही नवी खुर्ची न बनवता फक्त पट्टे आणि गाद्या लावत फिराल, आणि ती मी खरी चिकाटी मानीन. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, तिथून मला हलवेना. ज्याला फक्त स्वतःची खुर्ची प्यारी असते तो तिथून लगेच निघतो.

वडिलांचं म्हणणं मी निम्मं मानते. नोकरी बघाच. गाळ्याचं भाडं दर महिन्याला तुमचं काम खात आहे, तो सोडा. भरलेला माल विकून टाका, तोट्यात गेला तरी चालेल, पाइप गंजण्यापेक्षा बरं. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. रेलिंग, शेड, कठडे, तात्पुरते पूल, वेल्डरला शहरात काम कमी पडणार नाही. सातपूर-अंबडमध्ये तुमच्या बारा-तेरा वर्षांच्या अनुभवाला पगार मिळेल. पगार घेतलात म्हणजे काम सोडलं असं होत नाही. उलट ज्या दिवशी घरचा किराणा खुर्च्यांवर अवलंबून नसेल, त्या दिवसापासून तुम्ही कुठल्याही कंपनीच्या फोटोवाल्यापुढे हात बांधून उभे राहणार नाही.

त्यांचं दुसरं निम्मं, म्हणजे झालं तेवढं पुण्य पुष्कळ, हे मला मान्य नाही. तुम्ही पुण्याच्या हिशेबानं हे सुरू केलं नव्हतं. भाचा ताटाकडे बघत जेवला म्हणून सुरू केलं होतं. महिन्यातले दोन रविवार आणि एक पिशवीभर अवजारं, सध्या एवढंच ठेवा. सुरुवात त्या वीसेक घरांतूनच करा, नवीन गावं घेऊ नका. प्रत्येक घरासाठी वहीत एक पान: मूल कुठे बसतं, कोण भरवतं, किती वेळ, कुठे लाल होतं, काय बदललं, पुढच्या वेळी काय दिसलं. वर्षभरानं ती वही घेऊन एखाद्या संस्थेत गेलात तर तुमच्याबद्दल काही सांगावं लागणार नाही. बहिणीलाही बरोबर न्या. तिच्याशी त्या आया जे बोलतील ते तुमच्याशी बोलणार नाहीत.

आणि पाटल्या. तुमच्या पत्नीबद्दल पत्रात एवढं एकच वाक्य आहे, तेही गहाणाचं. तिला काय वाटतं हे तुम्ही लिहिलं नाही, बहुधा विचारलंही नसेल. आज रात्री विचारा. सगळा हिशेब तिच्यापुढे मांडा, कर्ज किती, व्याज किती, माल किती रुपयांचा पडून आहे. रविवारांचं तिच्याशी बोलूनच ठरवा आणि ती एकच रविवार म्हणाली तर एकच. नोकरी लागली की पहिले काही पगार पाटल्या सोडवायला जातील, त्या घरी येईपर्यंत खुर्च्यांसाठी नवी उधारी करायची नाही, हे तिला शब्द म्हणून द्या.

त्या मुलीची जखम भरली की मला कळवा.

तुमची,
ताई